वाघ, आंबेमोहोर आणि मेंदूचा कारभार

मी वास विकते. कार्डावर 'सीनियर फ्लेवरिस्ट' छापलंय, पण सोसायटीतल्या बायकांना त्यातून काही बोध होत नाही आणि दर वेळी समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. ठाण्यापलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात आमची लॅब आहे. आइस्क्रीमवाले, बिस्किटवाले, औषधवाले येतात आणि 'हापूस हवा, पण रत्नागिरीचा', 'वेलची हवी, पण केशराच्या अंगाने जाणारी' अशा मागण्या करतात. मग आम्ही बाटल्या काढतो, कागदाच्या पट्ट्या बुडवतो, हुंगतो, लिहून ठेवतो, परत हुंगतो. लहान मुलांच्या तापाच्या औषधाला जो संत्र्याचा वास येतो, तोही माझ्यासारख्या कोणीतरी टेबलाशी बसून जुळवलेला असतो.

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. बाटलीत रेणू असतात. वास बाटलीत नसतो, नाकातही नसतो. तो मेंदू घडवतो, आणि घडवताना प्रमाण, सोबतीला आणखी काय आहे, रंग कोणता, नाव काय सांगितलं, पूर्वी कधी ओळख झाली होती, हे सगळं जमेस धरतो. ऐकायला हे जडजंबाल वाटतं, म्हणून टेबलावरच्या बाटल्यांपासूनच सुरुवात करते.

लॅबमध्ये नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांच्यापुढे ब्युटिरिक ॲसिड ठेवते. झाकण नुसतं सैल केलं तरी खोलीभर ओकारीचा वास. गोल्ड मेडल मिळवून आलेला मुलगासुद्धा दोन पावलं मागे सरकतो. मग त्यातला थेंबभर घेऊन तेलात पातळ करत जायचं, हजार पट, दहा हजार पट. वर लोण्याचा वास देणाऱ्या डायॲसिटिलचा अंश आणि साईच्या वासाचं एखादं लॅक्टोन. आता पट्टी फिरवली की तीच मुलं म्हणतात, "मॅडम, तूप!" त्यांचं चुकत नाही. खऱ्या साजूक तुपात ब्युटिरिक ॲसिड असतंच. पण बाटलीवरचं लेबल आधी दाखवलं, तर त्याच पट्टीला निम्मी मुलं नाक मुरडतात.

माझा हा खेळ शास्त्रज्ञांनी फार नीट करून पाहिला आहे. रेचल हर्झ आणि जूलिया फॉन क्लेफ या दोघींनी २००१ साली छापलेल्या प्रयोगात लोकांना एकच मिश्रण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या नावाने हुंगायला दिलं. ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक ॲसिडच्या मिश्रणाला एकदा 'पार्मेझान चीज' म्हटलं, एकदा 'ओकारी'. चीज म्हटल्यावर लोकांना ते खावंसं वाटलं, ओकारी म्हटल्यावर किळस आली. पुढे २००५ मध्ये ऑक्सफर्डला लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून तोच प्रकार केला. चीजच्या अंगाचा एकच वास, एकदा 'चेडर चीज' अशी पाटी, एकदा 'अंगाचा घाम' अशी. पाटी बदलली की मेंदूच्या, डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल भागातली हालचाल बदलली. म्हणजे लोक नुसते तोंडदेखलं 'छान', 'घाण' म्हणत नव्हते. वासाची गोडी जिथे ठरते तिथेच शब्द जाऊन पोचला होता.

आता नाकात शिरू. नाकपुडीच्या अगदी वर, डोळ्यांच्या पातळीला, दोन-चार चौरस सेंटिमीटरचा एक पट्टा असतो. घ्राणपेशी तिथे राहतात. शरीरातल्या बाकीच्या चेतापेशी हाडात, कातडीत, पडद्यांत गुंडाळलेल्या असतात. या मात्र पातळशा शेंबडाच्या थराखाली थेट बाहेरच्या हवेला तोंड देऊन उभ्या असतात. धूळ, धूर, विषाणू सगळं यांच्याच अंगावर. म्हणूनच त्या मरत राहतात आणि खालच्या मूळ पेशींतून नव्या तयार होत राहतात. मेंदूशी जोडलेल्या चेतापेशी मोठेपणीही नव्याने उगवण्याची आपल्या शरीरातली ही फार मोजकी जागा. हे लक्षात ठेवा, मावशीच्या गोष्टीत लागणार आहे.

रेणू शेंबडात विरघळतो आणि पेशीच्या केसांसारख्या टोकावरच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतो. हे ग्राही बनवणारी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदरांत शोधली. २००४ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं. उंदरात अशी हजाराच्या आसपास जनुकं आहेत, माणसात चालू स्थितीतली साधारण चारशे. रंग बघायला आपल्याला डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी पुरतात, त्यापुढे हा आकडा ठेवून बघा. आणि गंमत अशी की एका पेशीवर एकाच जातीचा ग्राही असतो. चारशेपैकी एक निवडायचा आणि आयुष्यभर त्याच्याशी एकनिष्ठ राहायचं.

पण एकाच जातीचा ग्राही घेतलेल्या या पेशी शेजारीशेजारी राहत नाहीत, त्या पट्ट्यावर कुठेही विखुरलेल्या असतात. त्यांचे तंतू कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या घ्राणकंदात पोचतात. तिथे एक सुंदर गोष्ट घडते. वारीत दिवसभर माणसं कुठल्या कुठे पांगलेली असतात, कोणी चहाच्या टपरीवर, कोणी विहिरीवर, कोणी पाय चेपून घेत. पण मुक्कामाला आपापल्या दिंडीच्या राहुटीत सगळी बरोबर येऊन टेकतात. तसे एका जातीच्या ग्राहीवाल्या पेशींचे तंतू, नाकात कुठूनही निघाले तरी, कंदातल्या ठरलेल्या एक-दोन गोळ्यांपाशी येऊन भेटतात. या गोळ्यांना ग्लोमेरुली म्हणतात. ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेत १९९६ मध्ये उंदरांतल्या एकाच जातीच्या पेशी निळ्या रंगाने उठून दिसतील अशी सोय केली, तेव्हा निळे तंतू नाकभर पसरलेले आणि शेवटी एका ठिपक्यात गोळा झालेले दिसले. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तेच बघत बसले होते.

इथे एका बाईंचं नाव घ्यायलाच हवं, कारण ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. वेरोनिका रॉड्रिग्ज. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियात, शिक्षण डब्लिनला, आणि मग थेट कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींकडे. सिद्दिकींनी १९६२ मध्ये तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. सत्तरच्या दशकात या दोघांनी फळमाशा घेतल्या, त्याच ज्या पिकल्या केळ्यांवर घोंघावतात आणि ज्यांना आपण फडकं मारून हाकलतो. त्यांतून वास न कळणाऱ्या माशा त्यांनी वेगळ्या काढल्या. काही माशांना ठरावीक कुळातल्याच रसायनांचा वास कळत नव्हता, बाकीचे वास व्यवस्थित कळत होते. म्हणजे निरनिराळ्या वासांच्या वाटा निरनिराळ्या असणार, आणि त्या जनुकांत लिहिलेल्या असणार.

पुढे रॉड्रिग्जबाईंनी माशांना किरणोत्सारी खुणेची साखर दिली आणि निरनिराळे वास हुंगवले. जी पेशी कामाला लागते ती साखर जास्त ओढते, आणि ही साखर पचत नाही, तिथेच साठून राहते. माशीच्या मेंदूचे काप काढून पाहिले तर वासागणिक वेगवेगळे गोळे उजळलेले. हा निबंध १९८८ चा. बक आणि ॲक्सेल यांची जनुकं यायला अजून तीन वर्षं होती. रॉड्रिग्जबाई २०१० मध्ये कर्करोगाने गेल्या. कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून असलेल्या त्या इमारतीत वासाचं इतकं मूलभूत काम झालं, आणि मी माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, चार वर्षं शिकले तरी मला त्याचा पत्ता नव्हता. आम्हाला वासाबद्दल जे शिकवलं ते बहुतेक उत्कलनबिंदूपर्यंतच.

तर एक वास म्हणजे एक ग्राही असं नाही. एक रेणू अनेक ग्राहींना कमीजास्त चाळवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. मेंदूपर्यंत जातो तो नमुना, कोणते गोळे पेटले आणि किती पेटले त्याचा. त्यामुळे दोन उलट्या गोष्टी शक्य होतात, आणि पाहुणे आले की मी दोन्ही करून दाखवते.

पहिलीसाठी दोन बाटल्या लागतात, दोन्हींवर 'कार्व्होन' लिहिलेलं. अणू तेच, संख्या तीच, जोडणीही तीच. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. एकीचा वास स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा. दुसरीचा बाळंतशोपेचा. शेपूची भाजी करतो त्याच झाडाचं हे बी, बाळंतिणीला जेवणानंतर देतात ते. पुदिन्यावर तुटून पडणारा माझा भाचा दुसरी पट्टी हुंगून "शी, शेपू!" म्हणतो. १९७१ मध्ये 'सायन्स'मध्ये यावर निबंध आले तोपर्यंत रसायनवाल्यांत वाद चालू होता की हा फरक खरा की बाटलीत काही अशुद्ध राहिलेलं. फरक खरा होता. आपले ग्राहीही डावे-उजवे ओळखतात.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट. २-ॲसिटिल-१-पायरोलिन नावाचा रेणू आहे. नाव विसरलात तरी चालेल, वास तुम्ही विसरणार नाही, कारण आंबेमोहोर शिजताना घरभर जे पसरतं त्यातला मुख्य कर्ता हाच. बासमतीतही हाच, अन्नपूर्णेच्या पानातही हाच, पॉपकॉर्न आणि पावाच्या कडेतही हाच. पाण्यात अब्जात एक भाग, त्याहूनही कमी असला तरी माणसाचं नाक त्याला पकडतं. आणि कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधल्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच रेणू वाघाच्या मूत्रात शोधून काढला. वाघ आपली हद्द आखायला झाडांवर जो फवारा मारतो, त्याला सुवासिक तांदळाचा वास येतो, त्याचं कारण हे. म्हणजे ताडोबात जिप्सीत बसून जाताना मध्येच आंबेमोहोराचा घमघमाट आला, तर वनखात्याने तिथे भात घातलेला असेलच असं नाही. रेणू एक, पण स्वयंपाकघरात तो भूक जागी करतो आणि रानात, एकदा माहिती झाल्यावर, अंगावर काटा आणतो.

घ्राणकंदातून नमुना पुढे जातो तो मेंदूच्या पिरिफॉर्म कॉर्टेक्स नावाच्या भागाकडे. कंदात कसा नकाशा होता, ज्याची त्याची जागा ठरलेली. इथे तो नकाशा मोडतो. एका वासाला दाद देणाऱ्या पेशी सगळीकडे विखुरलेल्या सापडतात, त्यांत वरवर पाहता काही शिस्त दिसत नाही. इथलं काम वेगळं आहे, तुकड्यांतून एक अखंड वस्तू जमवणं. कॉफीत बाष्प होणारे रेणू मोजले तर आठशेच्या वर भरतात. तुम्हाला मात्र 'कॉफी' हा एकच वास येतो, आठशे नाहीत. आणि त्यातले काही गाळले तरी मेंदू उरलेल्यांवरून पूर्ण चित्र भरून काढतो.

आमचा सगळा धंदा या भरून काढण्यावर चालतो, हे मी कबूल करून टाकते. हापूसच्या वासात काय काय आहे यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चांगलं काम झालंय. कैरीत टर्पिनांचा जोर असतो, पिकताना लॅक्टोनं आणि फ्युरॅनोनं वर येतात, साईसारखा, मधासारखा भाग तो त्यांचा. आम्ही आमच्या फॉर्म्युल्यात त्यातले मोजके घेतो. रंगहीन सरबतात ते घालून दिलं तर पॅनेलवरची मंडळी 'पीच? अननस?' असं चाचपडतात. त्याच सरबतात केशरी रंगाचे दोन थेंब टाकले की 'हापूस!' बोर्डोमध्ये वाइनचं शिक्षण घेणाऱ्या चोपन्न जणांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनचे शब्द वापरून केलं. २००१ साली छापून आलेला हा प्रयोग मी मार्केटिंगच्या लोकांना वारंवार सांगते. ते म्हणतात, "मग रंगच द्या ना, फ्लेवर कशाला?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

वास आणि आठवण यावर सगळे इतकं लिहितात की मला त्यात फार रमायचं नाही, पण वायरिंग तेवढं सांगते. डोळे, कान, कातडी यांची बातमी आधी मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमध्ये नोंद होते आणि मग पुढे जाते. वासाला ही नोंद लागत नाही. कंदातून तो सरळ पिरिफॉर्मला, भावना हाताळणाऱ्या अमिग्डालाला आणि आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या दारापर्यंत जातो. म्हणून वास 'कशाचा' हे कळायच्या आधीच पोटात काहीतरी हलतं. मात्र वासाने जागी होणारी आठवण जास्त खरी असते हा समज सोडून द्या. हर्झबाईंच्याच प्रयोगांत ती जास्त भावुक निघाली, जास्त अचूक नाही. आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासाने तुम्हाला रडू येईल, पण ट्रंक हिरवी होती की निळी यावर पैज लावू नका.

माणसाचं नाक कुत्र्यापुढे अगदीच टाकाऊ, हाही असाच एक जुना समज. एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने माणसाच्या मेंदूच्या मानाने घ्राणकंद छोटा दिसतो म्हणून आपल्याला वास न घेणाऱ्यांच्या गटात टाकलं, आणि पाठ्यपुस्तकांनी ते पिढ्यानपिढ्या उतरवून घेतलं. जॉन मॅकगॅन यांनी २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये त्याची सालं काढली. कंदातल्या पेशी मोजल्या तर माणूस इतर सस्तन प्राण्यांच्या फार मागे नाही. काही रेणू तर आपल्याला कुत्र्याहून बरे कळतात. हुंगायला आपण जमिनीला नाक लावत नाही, एवढंच.

अजून एक, नाक 'बसतं' ते. सकाळी नऊला लॅबचं दार उघडलं की व्हॅनिलिन आणि लसूण यांचा जो भयाण सामना चालू असतो, तो सव्वानऊला मला जाणवतही नाही. ग्राही थकतात हे एक. पण त्याहून जास्त, मेंदू सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं सोडून देतो, कारण त्याला बदलाची बातमी हवी असते. म्हणून स्वतःच्या घराचा वास घरच्यांना कधीच येत नाही, पाहुण्यांना येतो. अत्तराच्या दुकानात कॉफीचे दाणे हुंगायला देतात ते नाक 'कोरं' करायला, पण प्रयोग करून पाहिलं तर साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही. मी स्वतःच्या कोपराचा वळसा हुंगते. फुकट आहे, आणि माझ्या कातडीच्या वासाची माझ्या मेंदूला सवय आहे.

आता मावशी. चिपळूणची माझी धाकटी मावशी, स्वयंपाकात हात धरणारं कोणी नाही. २०२१ च्या लाटेत तिला कोविड झाला, ताप किरकोळ, पण वास गेला तो गेलाच. पुढे काही महिन्यांनी परत आला आणि तिथून खरे हाल सुरू झाले. फोनवर म्हणाली, "अगं, कांदा परतला की कुजल्यासारखा वास येतो. खोबरं भाजलं की तसाच. कॉफीचं तर नाव काढू नकोस. मी काय खाऊ?" काका म्हणायचे, "कांदा चांगला आहे, तुला भास होतात." तिथल्या एका डॉक्टरांनीही 'मनाला लावून घेऊ नका' म्हणून बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं. मावशीचं वजन उतरत गेलं. ती भात, दही आणि काकडी यांवर दिवस काढत होती.

तिची यादी ऐकताना माझे कान टवकारले. भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा, कॉफी. आमच्या लॅबमध्ये हे सगळे पदार्थ एका कप्प्यात बसतात. भाजताना पायराझीन आणि गंधक असलेले थायॉल तयार होतात, आणि ते इतके जोरकस की त्यांच्या बाटल्या आम्ही वेगळ्या कपाटात, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवतो. इंग्लंडमध्ये रीडिंग विद्यापीठात जेन पार्कर यांच्या गटाने मावशीसारख्याच लोकांना कॉफीतले रेणू एकेक सुटे करून हुंगवले. सगळ्यात जास्त त्रास देणारा निघाला २-फ्युरॅनमिथेनथायॉल. निरोगी माणसाला तो कॉफीचा, भाजका, खमंग लागतो. या लोकांना सडका, किळसवाणा. २०२२ मध्ये हे छापून आलं. मी मावशीला फोन करून सांगितलं, "तुला भास होत नाहीत. तू नावं घेतलीस त्या सगळ्यांत एकाच घराण्याचे रेणू आहेत, आणि जगात तुझ्यासारखे पुष्कळ आहेत." पलीकडून पहिल्यांदा काही बोलणं आलं नाही, मग ती म्हणाली, "हे तुझ्या काकांना सांग. थांब, देते फोन."

काकांना सांगितलं ते असं. विषाणू घ्राणपेशींमध्ये स्वतः फारसा घुसत नाही. ज्या दारातून तो आत शिरतो ते एसीई-२ प्रथिन शेजारच्या आधारपेशींवर असतं, हे हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२० मध्येच दाखवलं. आधारपेशी कोसळल्या की घ्राणपेशीही कामातून जातात. मग खालून नव्या पेशी उगवतात, त्यांचे तंतू चाळणीच्या हाडातून वर जातात, आणि प्रत्येकाला आपला गोळा शोधायचा असतो. सगळ्यांना तो सापडतो असं नाही. काही ग्राही लवकर भरून येतात, काही उशिरा. परिणामी मेंदूपुढे येतो तो अर्धवट, वेडावाकडा नमुना, आणि मेंदू त्याचाही वास घडवतोच, कारण त्याला दुसरं काही येत नाही. तो इतका घाणेरडाच का घडवतो यावर अजून चर्चा चालू आहे. कांदा खमंग लागतो तेव्हा तोही मेंदूनेच घडवलेला असतो, काका. फक्त तुमचा आणि माझा नमुना जुळतो, तिचा तूर्तास जुळत नाही. काका हुं हुं करत होते. नंतर त्यांनी 'भास' हा शब्द वापरणं बंद केलं, असं मावशी सांगते. तेवढं पुरे.

तिला मी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीत ड्रेसडेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये हा प्रकार छापला. चार वास: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, एकेक काही सेकंद, मन लावून, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं मी म्हणणार नाही, पण काहीच न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. आणि धोका काय, तर लवंगांचा खर्च. मावशीने देवघराशेजारी चार औषधाच्या बाटल्या मांडल्या. एका बाटलीत अंगणातल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या, एकीत निलगिरीच्या तेलाचा बोळा, एकीत लिंबाची साल, एकीत ठेचलेल्या लवंगा. पूजा झाली की हुंगणं. शेजारणींना वाटायचं की मावशीने कुठल्या बुवाचा मार्ग धरला.

लवंग सगळ्यात आधी नीट झाली. मग लिंबू. कांद्याची फोडणी बऱ्याच उशिरा, आणि अजूनही ती खिडकी उघडी ठेवूनच करते. कॉफी अजून सडकीच लागते, पण आमच्या घराण्यात कॉफीवाचून कोणाचं अडलेलं नाही.

वास गेलेल्या माणसाच्या घरात एक गोष्ट मात्र जेवणाहूनही महत्त्वाची असते. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एथिल मर्कॅप्टन मिसळतात, आणि तोही थायॉलच. मावशीला त्या वर्षी तो वास एक तर यायचा नाही, नाहीतर कांद्यासारखाच यायचा. शिवाय नाक शाबूत असलं तरी गाढ झोपेत वासाने जाग येईल यावर भरवसा ठेवता येत नाही. २००४ च्या एका प्रयोगात झोपलेल्या लोकांना पिरिडिनसारखा उग्र वास दिला, तरी गाढ झोपेतले बहुतेक झोपूनच राहिले. आवाजाने मात्र जागे झाले. म्हणून मी तिच्या ओट्याखाली गॅसचा अलार्म बसवून घेतला. जमिनीलगत बसवायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. बसवणारा पोरगा तो वर, एक्झॉस्ट पंख्याशेजारी ठोकायला निघाला होता. त्याला खाली आणायला मावशीनेच त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घातली, आणि वर चहाही पाजला.